डोके व मानेच्या कर्करोगात इम्युनोथेरपीला नॅनोतंत्रज्ञानाची जोड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि या विषयात नव्याने शिरणारे विद्यार्थी, अशा तिघांसाठी आहे. प्रयोगशाळेच्या कामाचा तपशील शेवटाकडे आहे. रुग्णांनी तो गाळून पुढे गेले तरी चालेल. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी : इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्याच रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध उभे करणाऱ्या उपचाराचा, परिणाम वाढवण्यासाठी म्हणून मंजूर झालेले नॅनो-औषध या कर्करोगात आजघडीला नाही. जे आहे ते चाचण्यांच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर आहे. तरीही त्यातल्या काही गोष्टींकडे बारकाईने पाहावे असे आम्हाला मनापासून वाटते.

डोके व मानेचा कर्करोग म्हणजे नेमका कोणता?

तोंड (जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या, टाळू), घसा, स्वरयंत्र आणि स्वरयंत्रामागचा गिळण्याचा मार्ग, इथल्या अस्तरात सुरू होणारा. दहापैकी जवळपास नऊ रुग्णांत तो ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ असतो. तंबाखू, सुपारी आणि मद्य ही मोठी कारणे. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगात एचपीव्ही विषाणू, विशेषतः त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार.

हा फरक पुढे वारंवार लागेल. एचपीव्हीमुळे झालेल्या गाठीत विषाणूची ई६ आणि ई७ ही प्रथिने असतात. ती शरीराला परकी असतात आणि सगळ्या रुग्णांत जवळजवळ सारखीच असतात. तंबाखूमुळे झालेल्या गाठीत मात्र जनुकीय बदल प्रत्येक रुग्णात निराळे. त्यामुळे पहिल्या गटासाठी एकच लस बनवता येते, दुसऱ्या गटात प्रत्येकासाठी वेगळी बनवावी लागते.

सध्याची इम्युनोथेरपी किती जणांना उपयोगी पडते?

कर्कपेशींना मारणाऱ्या टी पेशी या रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी. त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कर्करोगाच्या पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून तो दाबून धरतात. निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिपिंडे तो ब्रेक सोडवतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१६ साली दोन्ही औषधांना, सिस्प्लॅटिनसारख्या प्लॅटिनम औषधानंतरही वाढलेल्या आजारासाठी मंजुरी दिली.

चेकमेट-१४१ या चाचणीत ३६१ रुग्ण होते. निवोलुमॅब घेतलेल्यांपैकी १३.३ टक्के रुग्णांची गाठ ठळकपणे लहान झाली. नेहमीच्या औषधांनी ते प्रमाण ५.८ टक्के होते. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ३६ टक्के विरुद्ध १६.६ टक्के. पुढे कीनोट-०४८ चाचणीच्या आधारे २०१९ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब पहिल्याच टप्प्यात देता येऊ लागले. ज्यांच्या गाठीत पीडी-एल१चे प्रमाण मोजणारा सीपीएस हा आकडा २० किंवा अधिक होता, त्यांचे मध्यम आयुर्मान १०.७ महिन्यांवरून १४.९ महिन्यांवर गेले.

ज्यांना हे औषध लागू पडते त्यांच्यापैकी काहींचा आजार वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो, आणि हे पूर्वी दिसत नव्हते. पण एकट्या या औषधाने पाचपैकी साधारण चार रुग्णांची गाठ मापण्याइतकी लहान होत नाही. नॅनोतंत्रज्ञानाचा सगळा खटाटोप या चौघांसाठी आहे.

त्या चौघांना औषध लागू का पडत नाही?

ब्रेक सोडून उपयोग व्हायला आधी तिथे टी पेशी हव्यात. बऱ्याच गाठींत त्या पोहोचलेल्याच नसतात किंवा कडेला अडकून पडतात. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त असते (पीएच ६.५ ते ६.९, निरोगी ऊतीत ७.४). शिवाय तिथले मॅक्रोफेज (परके घटक गिळणाऱ्या पेशी) गाठीच्या बाजूने वळलेले असतात, नियामक टी पेशी मारक टी पेशींना थोपवतात आणि काही कर्कपेशी आपली ओळख पटवणारे रेणूच पृष्ठभागावरून काढून टाकतात.

आणखी एक कारण उपचारांच्या क्रमात आहे. केमो-रेडिएशनसोबतच इम्युनोथेरपी देऊन पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या, अॅव्हेलुमॅबची जॅव्हलिन हेड अँड नेक १०० आणि पेम्ब्रोलिझुमॅबची कीनोट-४१२, अपयशी ठरल्या. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर पेम्ब्रोलिझुमॅब देणारी कीनोट-६८९ मात्र यशस्वी झाली आणि त्या आधारावर २०२५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. मानेतल्या लसिकाग्रंथी शाबूत असतानाच, म्हणजे रेडिएशन किंवा शस्त्रक्रियेआधी, रोगप्रतिकारशक्तीला शिकवण्याची संधी द्यायला हवी, असा याचा एक अर्थ लावला जातो. उंदरांवरच्या कामात याला चांगला आधार आहे. आमच्या मते नॅनोकणांची योजना आखणाऱ्याने सर्वांत आधी विचार करावा तो याच मुद्द्याचा.

नॅनोकण म्हणजे काय, आणि त्यांचे किती प्रकार?

साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण. औषधशास्त्रात २००पर्यंतचेही यात धरतात. या क्षेत्रात मुख्यतः पाच प्रकार दिसतात : मेदाच्या दुहेरी थराचे लायपोसोम, आरएनए वाहून नेणारे लिपिड नॅनोकण, पीएलजीएसारख्या, शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरचे कण, अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांचे कण, आणि सोने, लोह ऑक्साइड, हाफनियम ऑक्साइड यांसारखे धातुजन्य कण. पहिले चार प्रामुख्याने वाहक आहेत. धातुजन्य कण बहुधा स्वतःच काम करतात. प्रकाश किंवा किरण शोषून त्याचे उष्णतेत वा इलेक्ट्रॉनांत रूपांतर करतात.

पीडी-१ची प्रतिपिंडेच नॅनोकणात भरली तर?

हा प्रश्न बहुतेकांना पहिल्यांदा सुचतो, आणि उत्तर थोडे निराश करणारे आहे. ही प्रतिपिंडे स्वतःच साधारण १० नॅनोमीटरची असतात, रक्तात आठवडेच्या आठवडे टिकतात आणि अगदी कमी मात्रेतही टी पेशींवरचे पीडी-१ जवळजवळ पूर्ण व्यापतात. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातील चाचणीत दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, तोंडाने घ्यायच्या तीन औषधांसोबत दिले गेले. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. १५१ रुग्णांच्या त्या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

म्हणजे पीडी-१च्या औषधाला वाहनाची फारशी गरज नाही. गरज आहे ती त्याच्या जोडीला येणाऱ्या औषधांना : जी रक्तात काही मिनिटांत नष्ट होतात, पेशीच्या आत शिरू शकत नाहीत, किंवा सगळ्या शरीरात पसरली तर घातक ठरतात. नॅनोकणांचे खरे काम तिथे आहे.

शिरेतून दिलेले नॅनोकण गाठीत किती पोहोचतात?

फार थोडे. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे कण तिथे आपोआप साचतात, ही कल्पना १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडली आणि पुढची तीस वर्षे संशोधन तिच्यावर उभे राहिले. २०१६ मध्ये दहा वर्षांतल्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचलेला मध्यम वाटा ०.७ टक्के निघाला. तेही प्राण्यांमध्ये. २०२०च्या दुसऱ्या कामात असे दिसले की बहुतांश कण फटींतून गळत नाहीत; रक्तवाहिनीच्या पेशी त्यांना उचलून पलीकडे नेतात.

उरलेले कण जातात कुठे? ५-६ नॅनोमीटरपेक्षा लहान असतील तर मूत्रपिंडातून बाहेर पडतात. मोठे असतील तर यकृतातल्या कुप्फर पेशी आणि प्लीहा त्यांना टिपतात. रक्तात शिरताच कणांवर प्रथिनांचा थर चढतो. कणाच्या पृष्ठभागावर प्रतिपिंड लावून त्याला ‘लक्ष्यवेधी’ केले असेल, तर हा थर ते प्रतिपिंडच झाकून टाकतो. प्रयोगशाळेच्या ताटलीत कर्कपेशींना अचूक चिकटणारा कण शरीरात आंधळा होण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

कण टिपले जाऊ नयेत म्हणून पीईजी या पॉलिमरचे आवरण देतात. पण अनेकांच्या रक्तात पीईजीविरोधी प्रतिपिंडे आधीपासून असतात आणि पहिल्या मात्रेनंतर ती वाढतात. मग दुसरी मात्रा रक्तातून झपाट्याने नाहीशी होते. दर तीन आठवड्यांनी द्यायच्या औषधात ही अडचण दुर्लक्षून चालत नाही.

मग गाठीतच सुई टोचून का देत नाहीत?

देतात, आणि डोके व मानेच्या कर्करोगाचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. स्वादुपिंड किंवा फुप्फुसातली गाठ गाठायला जितके सायास पडतात, तितके जिभेच्या किंवा गालाच्या गाठीला पडत नाहीत. ती डोळ्यांना दिसते. मानेतली गाठ सोनोग्राफीखाली सुईच्या टप्प्यात येते. औषध आत गेले की नाही हे लगेच कळते आणि दोन आठवड्यांनी तुकडा काढून परिणामही तपासता येतो.

तरीही हे वाटते तितके सोपे नाही. गाठीच्या आत द्रवाचा दाब जास्त असतो. जोरात टोचले तर औषध सुईच्या वाटेनेच परत बाहेर येते. म्हणून बारीक सुई वापरून, थोडे थोडे, गाठीत पंख्याच्या पात्यांसारखी दिशा बदलत द्यावे लागते. प्रत्येक ठिकाणी दाब देऊन थोडे थांबायचे आणि मगच सुई काढायची. मध्यभागी मृत भाग असेल तर औषध त्या पोकळीत साठून वाया जाते. जिवंत पेशी कडेला असतात, औषध तिथे पडायला हवे. आधी रेडिएशन झालेल्या मानेत ऊती चिवट झालेल्या असतात आणि द्रव नीट पसरत नाही.

सर्वांत गंभीर धोके दोन. गाठ मानेतल्या मोठ्या कॅरोटिड धमनीला चिकटलेली असेल तर गाठ विरघळताना मोठा रक्तस्राव होऊ शकतो. आणि जिभेच्या मुळाशी किंवा स्वरयंत्राजवळ सूज आली तर श्वासमार्ग बंद होऊ शकतो. म्हणून ताजा सीटी किंवा एमआरआय पाहिल्याशिवाय सुई लावायची नाही, आणि अशा जागी श्वासमार्गाची तयारी हाताशी हवी.

साधे द्रावण टोचले तर लहान रेणू काही तासांत गाठीतून वाहून जातात. नॅनोकण किंवा शरीराच्या तापमानाला घट्ट होणारे जेल वापरले तर तेच औषध दिवसेंदिवस तिथे राहते. तोंडाच्या आतल्या गाठींसाठी चिटोसानच्या चिकट पट्टीतून सिस्प्लॅटिनचे नॅनोकण देण्याच्या चाचण्याही झाल्या आहेत. लाळ आणि जिभेची सततची हालचाल पट्टीला सुटी करू पाहतात. त्यामुळे पट्टीची मागची बाजू पाणी न शिरणारी ठेवावी लागते. नाहीतर औषध गाठीऐवजी पोटात जाते.

मानेतल्या लसिकाग्रंथींचा यात काय संबंध?

शरीरातल्या सुमारे ८०० लसिकाग्रंथींपैकी जवळपास ३०० डोके-मानेत आहेत. टी पेशींना कर्करोग ओळखायला शिकवण्याचे काम याच ग्रंथींत होते : डेंड्रायटिक पेशी गाठीतले प्रथिनांचे तुकडे इथे आणून दाखवतात.

गाठीभोवती टोचलेला कण इथे पोहोचेल की नाही हे मुख्यतः आकार ठरवतो. १० नॅनोमीटरपेक्षा लहान कण रक्तवाहिन्यांत शिरून पसार होतात. साधारण २० ते ५० नॅनोमीटरचे कण लसिकावाहिन्यांतून सरळ ग्रंथीत जातात. १००-२०० नॅनोमीटरच्या पुढचे कण टोचल्या जागीच अडकतात. डेंड्रायटिक पेशींनी ते गिळून नेले तरच ग्रंथीत पोहोचतात. भारालाही महत्त्व आहे. ऊतीतले बरेच घटक ऋणभारित असल्यामुळे धनभारित कण त्यांना चिकटून बसतात. ग्रंथी गाठायची तर भार शून्याजवळ किंवा किंचित ऋण ठेवतात.

इथे उघडच एक अडचण येते. रुग्णाच्या मानेतल्या ग्रंथी आधीच काढल्या असतील किंवा त्यांना पूर्ण रेडिएशन दिले असेल, तर ग्रंथी गाठण्यासाठी बेतलेला कण जाणार कुठे? बऱ्याच सुरुवातीच्या चाचण्या नेमक्या अशाच रुग्णांवर होतात, कारण नवे औषध आधी शेवटच्या टप्प्यातल्यांनाच देता येते. त्या चाचण्यांचे थंड निकाल वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

‘स्टिंग’ सक्रिय करणारी औषधे कोणती, आणि त्यांना नॅनोकण का लागतात?

पेशीत डीएनए भलत्या ठिकाणी, म्हणजे केंद्रकाबाहेर सापडला की स्टिंग हे प्रथिन धोक्याचा इशारा देते आणि इंटरफेरॉन हे रोगप्रतिकारशक्तीला जागे करणारे प्रथिन तयार होते. थंड पडलेल्या गाठीत टी पेशी बोलावून घेण्याचा हा जबरदस्त मार्ग आहे. स्टिंगला चेतवणारे चक्रीय डायन्युक्लिओटाइड रेणू गाठीत टोचून चाचण्या झाल्या; त्यांत डोके-मानेच्या कर्करोगाचे रुग्णही होते. उंदरांतल्या निकालांच्या मानाने माणसांत परिणाम तोकडा पडला.

कारणे समजण्यासारखी आहेत. हे रेणू ऋणभारित आणि पाण्यात सहज विरघळणारे असल्याने पेशीचा पडदा ओलांडू शकत नाहीत, ऊतीतली विकरे (एन्झाइम) त्यांना तोडतात, आणि उरलेले रक्तात वाहून जातात. पीएच कमी झाल्यावर फुटणाऱ्या पॉलिमरच्या कणात ते भरले, तर पेशी तो कण गिळते, आतल्या आम्लयुक्त पिशवीत कण फुटतो आणि औषध थेट पेशीद्रवात, म्हणजे स्टिंग असते तिथेच सुटते. उंदरांमध्ये यामुळे तोच परिणाम कितीतरी कमी मात्रेत मिळाला आहे.

मात्रा मात्र जपून ठरवावी लागते. स्टिंग जास्त वेळ आणि जास्त जोराने चेतवले तर खुद्द टी पेशीच मरतात. अधिक औषध म्हणजे अधिक परिणाम, हा नियम इथे चालत नाही.

कर्करोगाची एमआरएनए लस यातच मोडते का?

हो, कारण नॅनोकणाशिवाय एमआरएनए शरीरात काही मिनिटेही टिकत नाही. सध्या तीन वाटांवर काम चालले आहे.

एचपीव्ही-१६च्या ई६ आणि ई७ प्रथिनांचा एमआरएनए मेदकणांत बांधून शिरेतून देणारी बीएनटी११३ ही लस, पेम्ब्रोलिझुमॅबसोबत, एचपीव्ही-१६ आणि पीडी-एल१ असलेल्या रुग्णांत तपासली जात आहे. तिची युक्ती भारात आहे. मेद आणि आरएनए यांचे प्रमाण असे ठेवले की कणाचा एकूण भार किंचित ऋण होतो, आणि मग कण मुख्यतः प्लीहेतल्या डेंड्रायटिक पेशींकडे जातो. पृष्ठभागावर कोणतेही प्रतिपिंड न लावता निव्वळ भार बदलून पत्ता बदलता येतो, हे २०१६ मध्ये दाखवले गेले.

दुसरी वाट आहे पीडीएस०१०१ची. यात एमआरएनए नाही. एचपीव्ही-१६ची पेप्टाइडे (प्रथिनांचे तुकडे) आणि आर-डोटॅप नावाचा धनभारित मेद आहे. हा मेद वाहक तर आहेच, शिवाय स्वतः इंटरफेरॉनचा मार्गही चेतवतो. ही लस त्वचेखाली टोचतात.

तिसरी म्हणजे प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र बनवलेली लस. गाठीचा आणि रक्ताचा जनुकीय क्रम वाचून फक्त गाठीत असलेले बदल शोधतात आणि त्यांतले जास्तीत जास्त ३४ एका एमआरएनएत लिहितात. एमआरएनए-४१५७ अशा प्रकारे बनते. एचपीव्ही नसलेल्या डोके-मानेच्या कर्करोगातही ती छोट्या गटात तपासली गेली आहे. अडचण वेळेची आहे : तुकडा काढण्यापासून लस हातात येईपर्यंत आठवडे जातात, आणि मानेत वेगाने वाढणारी गाठ तेवढी थांबत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर, आजार डोळ्यांना दिसत नसताना ही लस देणे आम्हाला जास्त पटते.

रेडिएशनसोबत हाफनियमचे कण देतात ते कशासाठी?

एनबीटीएक्सआर३ हे सुमारे ५० नॅनोमीटरचे हाफनियम ऑक्साइडचे कण रेडिएशन सुरू होण्यापूर्वी एकदाच गाठीत टोचतात. हाफनियमचा अणुक्रमांक ७२ आहे. इतका जड अणू क्ष-किरण खूप जास्त शोषतो आणि आजूबाजूला इलेक्ट्रॉनांचा मारा करतो. त्यामुळे बाहेरून दिलेली मात्रा तीच राहून गाठीच्या आत नुकसान जास्त होते. कण निष्क्रिय असतात. किरण नसतील तर काहीच करत नाहीत. सीटीवर ते पांढरे दिसतात, त्यामुळे औषध नेमके कुठे बसले हे तपासता येते. युरोपात २०१९ मध्ये या कणांना मऊ ऊतींच्या सार्कोमासाठी मान्यता मिळाली. डोके-मानेच्या कर्करोगात, सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्या वयस्क रुग्णांसाठी नॅनोरे-३१२ ही तिसऱ्या टप्प्याची चाचणी आखली गेली. निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅबसोबतची चाचणी वेगळी आहे.

इम्युनोथेरपीशी याचे नाते असे. कर्कपेशी कशी मरते यावर रोगप्रतिकारशक्ती जागी होईल की नाही हे ठरते. मरताना पेशीने कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन पृष्ठभागावर आणले आणि एटीपी व एचएमजीबी१ हे इशाऱ्याचे रेणू बाहेर सोडले, तर डेंड्रायटिक पेशी तिकडे धावतात. जोरदार किरणमाऱ्यात हे जास्त घडते. एकट्या सिस्प्लॅटिनने मात्र ते फारसे घडत नाही.

लेझरने गाठ तापवण्याचे काय?

सोन्याचे नॅनोकण जवळच्या अवरक्त प्रकाशाने तापतात. ५० अंश सेल्सिअसच्या पुढे पेशी जागीच शिजून मरतात. ४२ ते ४५ अंशांच्या सौम्य उष्णतेत रक्तप्रवाह वाढतो आणि टी पेशींना आत यायला मदत होते. इम्युनोथेरपीच्या जोडीला म्हणून सौम्य उष्णता जास्त सोयीची, पण संपूर्ण गाठीत ती एकसारखी राखणे अवघड आहे, कारण प्रकाश ऊतीत जेमतेम एखादा सेंटिमीटर उपयोगी पडेल इतका शिरतो. खोल गाठीत प्रकाशतंतू घालावे लागतात.

जपानने सप्टेंबर २०२० मध्ये याच्या जवळचा एक उपचार मंजूर केला : सेटुक्सिमॅब या प्रतिपिंडाला प्रकाशसंवेदी रंगद्रव्य जोडलेले औषध. हा नॅनोकण नव्हे, पण तत्त्व शेजारचेच आहे. औषध शिरेतून दिल्यावर २० ते २८ तासांनी गाठीवर ६९० नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकतात. रंगद्रव्य चिकटलेल्या पेशींचे पडदे फुटतात. नंतर सूज आणि तीव्र वेदना होतात, आणि पुढचे काही आठवडे रुग्णाने उन्हापासून व प्रखर दिव्यांपासून दूर राहावे लागते.

सध्या वापरात असलेले एखादे नॅनो-औषध इम्युनोथेरपीला मदत करते का?

नॅब-पॅक्लिटॅक्सेल. पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिनच्या सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांत बांधलेले असते. अमेरिकेत ते २००५ पासून स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर आहे. डोके-मानेच्या कर्करोगात कार्बोप्लॅटिन आणि निवोलुमॅबसोबत ते चाचण्यांतून वापरले गेले आहे. साध्या पॅक्लिटॅक्सेलमधला एरंडेलापासून बनवलेला द्रावक अॅलर्जी आणतो, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावे लागते. नॅब प्रकारात तो द्रावक नसल्याने सहसा स्टेरॉइड लागत नाही. टी पेशी जागवायच्या असताना दर वेळी त्यांना दाबणारे औषध टळते, हा फायदा लहान वाटला तरी खरा आहे.

लिपिड नॅनोकण प्रयोगशाळेत कसे बनवतात आणि कुठे बिघडतात?

नेहमीचे प्रमाण मोलनुसार असे : आयनीभवन होणारा मेद ५०, डीएसपीसी हा फॉस्फोलिपिड १०, कोलेस्टेरॉल ३८.५, पीईजी-मेद १.५. हे सगळे इथेनॉलमध्ये विरघळवतात. आरएनए पीएच ४च्या सायट्रेट बफरमध्ये घेतात. त्या पीएचला मेद धनभारित होऊन आरएनएला धरतो. मेदातले नायट्रोजन आणि आरएनएतले फॉस्फेट यांचे गुणोत्तर साधारण ६ ठेवतात. सूक्ष्म नलिकांच्या चिपमध्ये बफर तीन भाग आणि इथेनॉल एक भाग अशा वेगाने एकत्र सोडतात. मग डायलिसिस करून किंवा आडव्या प्रवाहाच्या गाळणीने इथेनॉल काढतात आणि पीएच ७.४वर आणतात.

आकार ८० ते १०० नॅनोमीटर, पीडीआय (आकारातली विषमता दाखवणारा आकडा) ०.२च्या खाली आणि आरएनए आत अडकण्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असेल तर माल ठीक. प्रवाह मंद असेल तर कण मोठे आणि विषम होतात. इथेनॉल शिल्लक राहिले तर रात्रीत कण एकमेकांत मिसळून फुगतात, म्हणून आकार त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, दोनदा मोजावा. सुक्रोज न घालता गोठवले तर वितळल्यावर गुठळ्या होतात. ८ ते १० टक्के सुक्रोज पुरते. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून निर्जंतुक करताना आधी आणि नंतरचे प्रमाण मोजले नाही, तर निम्मा माल गाळणीवर राहिल्याचे कळतही नाही.

यापेक्षा घातक चूक म्हणजे एंडोटॉक्सिन. जिवाणूंच्या भिंतीचा हा अंश निर्जंतुक गाळणीतूनही पार जातो आणि स्वतःच रोगप्रतिकारशक्ती पेटवतो. नॅनोकणामुळे टी पेशी जाग्या झाल्या असे वाटते, प्रत्यक्षात ती करामत अशुद्ध पाण्याची असते. एंडोटॉक्सिन मोजण्याच्या नेहमीच्या एलएएल चाचणीत नॅनोकण स्वतः ढवळाढवळ करतात : सोन्याच्या कणांचा रंग मापनात मिसळतो, सेल्युलोजच्या गाळणीतून आलेले बीटा-ग्लुकान खोटा होकार देते. म्हणून ठाऊक मात्रेचे एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून त्यातले ५० ते २०० टक्के परत मोजता येते का ते आधी पाहायचे, मगच आकड्यावर विश्वास ठेवायचा. आणि प्रत्येक प्रयोगात रिकाम्या नॅनोकणांचा गट हवाच. तो नसलेला शोधनिबंध आम्ही बाजूला ठेवतो.

उंदरात गाठ नाहीशी होते, मग माणसात का नाही?

उंदराची गाठ बहुधा कुशीत, त्वचेखाली वाढवलेली असते. ती दहा-पंधरा दिवसांत वाढते, तिच्या रक्तवाहिन्या घाईने बनलेल्या आणि गळक्या असतात, त्यामुळे कण आत जातात. माणसाची गाठ वर्षांनुवर्षे वाढलेली आणि तंतुमय असते. शिवाय कुशीतल्या गाठीची लसिका मानेतल्या ग्रंथींकडे जात नाही. जिभेत किंवा गालात वाढवलेली गाठ वापरावी, आणि तंबाखूमुळे होतात तसे जनुकीय बदल असलेले ४एमओएससी१ किंवा एचपीव्हीची जनुके असलेले एमईईआर असे कर्कपेशींचे योग्य वाण निवडावे. डोके-मानेचे म्हणून सर्रास वापरले जाणारे एससीसी७ हे वाण मुळात उंदराच्या पोटाच्या भिंतीवरच्या गाठीतून आले आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

दुष्परिणाम कोणते? कशासाठी लगेच डॉक्टरांना कळवावे?

मेदकण शिरेतून देताना पहिल्या काही मिनिटांतच चेहरा लाल होणे, छातीत किंवा पाठीत दुखणे, धाप लागणे असे होऊ शकते. औषध थांबवले की हे बहुधा ओसरते आणि पुढे कमी वेगाने देता येते. पण परिचारिकेला तत्काळ सांगावे. लसींनंतर एक-दोन दिवस ताप आणि थंडी अपेक्षितच असते.

पीडी-१च्या औषधांचे परिणाम आठवड्यांनी, कधी औषध थांबल्यावरही येतात : दिवसातून अनेकदा पातळ शौच, नवा कोरडा खोकला किंवा धाप, कावीळ, कमालीचा थकवा. मानेला रेडिएशन झालेल्यांत थायरॉइड मंदावण्याची शक्यता आधीच जास्त असते, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी ठरावीक काळाने करावी. गाठीत औषध टोचले असेल तर आवाज बदलणे, गिळताना अडखळणे, श्वासाला घरघर येणे किंवा तोंडातून ताजे रक्त येणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

धातूचे कण वर्षानुवर्षे शरीरात राहू शकतात. पुढे कधी स्कॅन काढताना गाठीत कण टोचल्याचे सांगावे, नाहीतर ती पांढरी सावली भलत्या अर्थाने वाचली जाईल.

चाचणीत सहभागी व्हायचे असेल तर काय विचारावे?

ही चाचणी कोणत्या टप्प्याची? पहिल्या टप्प्याचा मुख्य हेतू सुरक्षित मात्रा शोधणे हा असतो, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगायला हवे. सगळ्यांना नवे औषध मिळणार की चिठ्ठीने ठरणार? नेहमीचा उपचार त्यामुळे लांबणार का, आणि किती दिवस? तुकडा किती वेळा काढणार? दुष्परिणामांवरच्या उपचारांचा खर्च कोण करणार? औषध चालले नाही तर पुढे कोणता पर्याय शिल्लक राहील?

जाताना जुना पॅथॉलॉजी अहवाल, सीपीएस, घशाचा कर्करोग असेल तर पी१६ (एचपीव्हीची खूण मानले जाणारे प्रथिन) किंवा एचपीव्हीचा निकाल, रेडिएशनची एकूण मात्रा व तारखा, आणि चालू औषधांची यादी सोबत ठेवावी. रोज १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन घेणारे, प्रत्यारोपण झालेले किंवा तीव्र स्वयंप्रतिकार आजार असलेले रुग्ण अशा चाचण्यांत बहुधा घेतले जात नाहीत.

बाजारात ‘नॅनो’ नावाची पूरके आणि कॅप्सूल मिळतात. ती घ्यावीत का?

इथे सांगितलेल्या कशाशीही त्यांचा संबंध नाही. तोंडाने घेतलेला कण पचनमार्गात फुटतो किंवा बाहेर टाकला जातो; तो मानेतल्या गाठीत किंवा ग्रंथीत जाऊन बसत नाही. हळदीचे सत्त्व जास्त शोषले जावे म्हणून बनवलेल्या कॅप्सूलमुळे काहींच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. इम्युनोथेरपी चालू असताना यकृताची विकरे वाढली, तर डॉक्टरांना दोष कुणाचा हे ओळखता येत नाही आणि चालणारे औषध थांबवावे लागते. असे काही घेत असाल तर बाटलीसकट डॉक्टरांना दाखवा.